दिवाळ्याचा बारका शंख: प्रकल्प नोंदी

१६ डिसेंबर २०२४, दिवाळे जेट्टी

काल पौर्णिमा झाली, त्यामुळे आज सकाळी पाणी चांगलंच लांब गेलं होतं. बेलापूरचं दिवाळे गाव पनवेल खाडीच्या तोंडाशी आहे. फ्लेमिंगो अभयारण्य ऐरोली आणि वाशीच्या पुलांच्या मधलं, म्हणजे आम्ही त्याच्या हद्दीबाहेर. तरीही परवानगीचा कागद प्लास्टिकमध्ये घालून पिशवीत ठेवला होता. खाडीत कोण कधी काय विचारेल सांगता येत नाही. तिवरांच्या मुळांना हात न लावता मोकळ्या चिखलाचा वरचा दोन बोटं थर खरवडून डबे भरले.

जाळं विणत बसलेल्या काकांनी विचारलं, "काय गो पोरी, यो चिकल कनाला नेतेस?" बारके शंख शोधायला, म्हटल्यावर त्यांनी माझ्या डब्यांकडे बघून नाक मुरडलं आणि जेट्टीच्या खांबांमागे बोट दाखवलं. भरतीचं पाणी खांबांना अडून मागे गोल फिरतं, हलकं काय ते तिथे बसतं. खांबांना कालवं लगडलेली आहेत. तिथला एक डबा वेगळा भरून त्यावर 'खांब' असं लिहिलं.

२१ डिसेंबर, प्रयोगशाळा, ठाणे

धुणं, चाळणं, वाळवणं. २ मिमी, १ मिमी आणि ०.५ मिमीच्या चाळण्या एकावर एक. नळाची धार बारीक ठेवावी लागते, नाहीतर शंखांच्या तोंडाच्या कडा तुटतात आणि मग मापं घ्यायला काही उरत नाही.

सगळ्यात खालच्या चाळणीवरचा गाळ सावलीत कडकडीत वाळवून एकदम पाण्यात सोडला. रिकाम्या शंखांत हवा अडकलेली असते. ते तरंगतात, वाळू तळाला बसते. वरचा थर ब्रशने टिपून घ्यायचा. पण चिखलाने गच्च भरलेले शंख तरंगत नाहीत, म्हणून तळाचा गाळही चिमूट चिमूट करून मायक्रोस्कोपखाली बघायचा. हे काम कंटाळवाणं आहे आणि दुसऱ्याला सांगून होत नाही.

असिमिनिया, स्टेनोथायरा, इराव्हाडिया: खाडीच्या चिखलात ही बारक्या गोगलगायींची मंडळी भेटायचीच. 'खांब' डब्यात मात्र एक पांढरा, उभ्या बरगड्यांचा, निमुळता शंख मिळाला. टोक वेगळंच दिसतंय. वेगळ्या कॅप्सूलमध्ये ठेवला.

३ जानेवारी २०२५

तोच डबा पुन्हा चाळून तसेच आणखी काही शंख निघाले. आता नीट वर्णन.

सगळ्यात मोठा उंचीला २.१ मिमी, रुंदीला ०.९ मिमी. पांढरा, किंचित चकाकी. टोक सोडून साडेचार वेढे. वेढे फारसे फुगीर नाहीत, त्यांच्यामधली शिवण खोल. उभ्या बरगड्या जवळजवळ सरळ, शेवटच्या वेढ्यावर अठरा. दोन बरगड्यांच्या मधल्या खाचेत आडवे बारीक धागे, पण हे धागे बरगडीच्या पाठीवरून जात नाहीत, कडेलाच थांबतात. शेवटच्या वेढ्याच्या मध्याखाली बरगड्या विरतात आणि तळाकडे फक्त धागे उरतात. तोंड नासपतीच्या आकाराचं, बाहेरचा ओठ पातळ. आतल्या मधल्या खांबावर एक दात. तो समोरून दिसत नाही, शंख उजवीकडे थोडा कलता केला की प्रकाशात येतो.

आता टोक. शंखाचं टोक म्हणजे त्या जिवाचं लहानपण. अंड्यातल्या आणि अळीच्या वयातला शंख तसाच राहतो आणि पुढचे वेढे त्याच्या खाली वाढत जातात. इथे टोक सरळ उभं नाही, टोपी कानावर कलंडावी तसं आडवं पडलंय, आणि त्याचा पीळ डावा आहे. बाकी शंख उजव्या पिळाचा. अळी डावीकडे वळते, मोठी होताना दिशा बदलते आणि हा बदल शंखात कायमचा नोंदला जातो. असं टोक आणि आत दात, म्हणजे कुळ पिरॅमिडेलिडी. इथपर्यंत शंका नाही.

या कुळातल्या गोगलगायी दुसऱ्याच्या जिवावर जगतात. शिंपल्यांच्या किंवा नळीतल्या किड्यांच्या अंगात सुईसारखा काटा खुपसून रस ओढून घेतात. इतर गोगलगायींच्या तोंडात असते ती दातेरी पट्टी, रॅड्युला, यांना नसते. ओळख पटवायला एरवी रॅड्युलाचा मोठा आधार असतो. तो इथे नाहीच, त्यामुळे सगळं ओझं शंखावर. कालवांनी भरलेल्या खांबांमागेच हे का मिळाले, तेही आता अंधुकसं लक्षात येतंय. पण ते अनुमान झालं, पुरावा नाही.

१० जानेवारी

"नवीन आहे असं म्हणायची घाई नको. आधी जुनं नाही हे दाखव," मॅडम म्हणाल्या. नव्या जातीचं वर्णन म्हणजे नव्वद टक्के हेच काम. शंख बघायला एक दुपार पुरली, आता जुने कागद उपसायचे.

मुंबईच्या बारक्या शंखांत शिरलं की जेम्स कॉस्मो मेल्विल हे नाव चुकवता येत नाही. अलेक्झांडर अ‍ॅबरक्रॉम्बी यांनी मुंबईत शंख गोळा केले आणि १८९३ मध्ये मेल्विलने मँचेस्टरच्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीच्या अंकात त्यांतल्या पंचवीस नव्या जातींची वर्णनं छापली. १८९६ मध्ये मुंबईच्या फक्त सूक्ष्म शंखांवर त्याचा वेगळा लेख आला. शिवाय कॅप्टन टाउनसेंड. हा गृहस्थ समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबल दुरुस्त करणाऱ्या जहाजावर होता. पर्शियाच्या आखातापासून अरबी समुद्रापर्यंत त्याने शंख जमवले. त्या संग्रहातून १९१० मध्ये मेल्विलने याच कुळाचा आढावा काढला. म्हणजे माझा शंख दिवाळ्याचा असला तरी त्याचं नाव शंभर वर्षांपूर्वीच कराचीच्या किंवा मस्कतच्या नमुन्यावरून पडलेलं असू शकतं.

अडचण अशी की त्या काळची वर्णनं लॅटिनमध्ये चार ओळींची असतात. छोटा, पांढरा, बरगड्या असलेला: हे डझनभर जातींना लागू पडेल. चित्रं सुबक आहेत, पण टोकाचा भाग शाईच्या एका वळणात संपतो. आणि आम्हाला तर नेमकं टोकच हवंय.

यादी करायला घेतली. नाव, वर्ष, मूळ ठिकाण, मूळ नमुना कुठल्या संग्रहालयात, आमच्या शंखाहून फरक काय. शेवटचा रकाना बहुतेक रिकामाच आहे.

१५ जानेवारी

यादी फक्त अरबी समुद्राची ठेवून चालणार नाही. समोर न्हावा-शेवा, पलीकडे मुंबई बंदर. मायटिलॉप्सिस सालेई हा मध्य अमेरिकेकडचा शिंपला जहाजांबरोबर विशाखापट्टणमला आणि मग मुंबईच्या गोद्यांत पोचल्याचं जगजाहीर आहे. कालवं आणि शिंपले जहाजाच्या बुडाला चिकटून येत असतील तर त्यांच्यावर जगणारे का येणार नाहीत? 'नवीन' म्हणून जाहीर केलेला शंख दुसऱ्या समुद्रातला जुनाच पाहुणा निघाला तर ते नाव पुढच्या लोकांना निस्तरावं लागतं. तांबडा समुद्र, जपान, ऑस्ट्रेलिया, पनामा यादीत घातले. यादी दुप्पट झाली. मॅडमना आनंद, मला नाही.

२२ जानेवारी

प्रजातीवरून, म्हणजे जवळच्या जातींच्या गटावरून (जीनस), वाद. मी कॅटलॉगमध्ये क्रिसॅलिडा लिहिलं होतं. मॅडमनी ते खोडलं.

"अगं, बरगड्या दिसल्या की सगळे क्रिसॅलिडातच टाकत आलेत. ती पिशवी झालीय."

त्यांचं खरं आहे. क्रिसॅलिडा ही प्रजाती ज्या मूळ जातीवर उभी आहे ती पनामाची, सी. बी. अ‍ॅडम्सने १८५२ मध्ये वर्णिलेली. तिची ठेवण आपल्याकडच्या शंखांशी कितपत जुळते हे न बघताच जगभरचे बरगडीवाले शंख तिच्यात भरले गेले आणि आता एकेक करून बाहेर काढले जाताहेत. आमचा शंख पिर्ग्युलिनाच्या जास्त जवळ जातो: बरगड्या ठळक, धागे फक्त मधल्या खाचांत. तिथे ठेवायचं ठरलं, मजकुरात कारणं देऊन. मला अजून पूर्ण पटलेलं नाही, पण याहून चांगला पर्याय माझ्याकडे नाही.

३० जानेवारी, दिवाळे

काल अमावस्या, आज पुन्हा मोठी ओहोटी. यावेळी चिखल थोडाच, लक्ष कालवांवर. काकांनी कोयतीने कालवांचे झुबके खांबावरून सोडवून दिले. खाडीचंच पाणी भरलेल्या पसरट ताटात ते ठेवून तिथेच जेट्टीवर बसले. हातभिंगाने प्रत्येक शिंपल्याची फट, बाहेरची कड, खालचा गाळ. डोकं वर केलं तेव्हा पाणी परत फिरलं होतं.

जिवंत एकही मिळाला नाही. पण दोन शिंपल्यांच्या खोबणीत एक शंख होता, दुधी नाही तर काचेसारखा अर्धपारदर्शक, आणि तोंडाशी पिवळसर झाकण आत ओढून बसलेलं. झाकणामागे वाळून आकसलेला जीव. म्हणजे मेला आहे, पण फार दिवस झालेले नाहीत. आजचा सगळ्यात मोलाचा ऐवज हाच.

१४ फेब्रुवारी

गटाच्या बैठकीत शेवटी तो प्रश्न निघालाच: नुसत्या शंखावरून नवी जात जाहीर करावी का?

एक बाजू अशी. न्यू कॅलेडोनियात कूमाक इथे फिलिप बूशे आणि सहकाऱ्यांनी २९५ चौरस किलोमीटरच्या भागात शंख-शिंपल्यांच्या गटातले, म्हणजे मृदुकाय प्राणी मोजले, २००२ मध्ये निष्कर्ष छापले. जाती निघाल्या २,७३८. त्यांतल्या चौथ्या हिश्श्याहून अधिक जाती फक्त रिकाम्या शंखांच्या रूपातच हाती लागल्या. इतकी माणसं इतका काळ शोधत असताना ही गत, तर जिवंत जीव मिळेपर्यंत थांबायचं म्हणजे बऱ्याच जातींना नाव कधीच मिळायचं नाही.

दुसरी बाजू मला जास्त छळते. रिकामा शंख कधी मेला ते सांगत नाही. खाडीच्या गाळात शंख वर्षानुवर्षं टिकतो, लाटांनी आणि किड्यांनी खालचा गाळ वर येतो. दिवाळ्याच्या समोरच विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, टेकडी सपाट झाली, भराव पडला. या चिखलातला शंख त्याआधीच्या खाडीचा असला तर? तो आज इथे 'राहतो' असं कुठल्या तोंडाने लिहायचं?

म्हणूनच झाकणवाला एक शंख मला इतर सगळ्यांपेक्षा जवळचा वाटतो. त्याच्यावरून डीएनए काढायचा का, यावर चर्चा झाली. त्यासाठी शंख फोडावा लागेल. एकुलता एक आहे, फोडायचा नाही. वर्णन शंखांवरून करायचं, झाकण आणि ताज्या नमुन्याची माहिती जोडायची आणि जिवंत प्राणी पाहिलेला नाही हे पहिल्याच परिच्छेदात सांगायचं, शेवटच्या टिपेत लपवायचं नाही. माझं मत विचाराल तर इतकं पुरेसं आहे. शंख हे अर्धं चित्र आहे, पण ते खोटं चित्र नाही.

६ मार्च

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा स्लॉट, मुंबईतल्या एका संस्थेत. तिथे तासावर पैसे आणि तास धावतात.

शंख चिकटपट्टीवर लावताना पंखा बंद, एसी बंद, बोलणंसुद्धा हळू. कोरड्या हवेत स्थिर विजेमुळे शंख ब्रशवरून उडी मारतो आणि फरशीवर पडलेला दोन मिमीचा पांढरा ठिपका पुन्हा सापडत नाही. ब्रशचं टोक ओलं केलं की चिकटून येतो.

सोन्याचा मुलामा फक्त दोन जादा नमुन्यांना दिला. मुलामा एकदा बसला की सहजी काढता येत नाही, रंग आणि पारदर्शकपणा गेलाच. जो होलोटाइप व्हायचा, म्हणजे ज्या एका नमुन्याला नाव कायमचं बांधलं जाणार, तो कोराच ठेवला. त्याचे फोटो साध्या मायक्रोस्कोपवर थराथराने काढून जोडायचे.

पडद्यावर टोक पहिल्यांदा खरं दिसलं. व्यास २७० मायक्रॉन, म्हणजे ०.२७ मिमी. उरलेल्या शंखाच्या अक्षाशी जवळपास काटकोन. पहिल्या वेढ्यात अगदी थोडं रुतलेलं, बाकी सगळं उघडं. जिथे बाळपण संपून मोठेपण सुरू होतं तिथे एक स्पष्ट, किंचित उचललेली कड, आणि तिच्यापासून अगदी थोड्या अंतरावर पहिली बरगडी. पृष्ठभाग गुळगुळीत. दाताचाही चांगला फोटो आला.

टोक लहान आणि त्याला वेढे जास्त, तर अळी बराच काळ पाण्यात तरंगत खात-पीत वाढली असावी. टोक फुगीर, वेढे कमी, तर ती अंड्यातल्या साठ्यावर वाढून लवकर तळाला बसली असावी. आमचं टोक पहिल्या प्रकारचं दिसतंय. तसं असेल तर याची पिल्लं प्रवाहाबरोबर दूर जाऊ शकतात आणि 'फक्त ठाणे-पनवेल खाडीत आढळणारी' असलं काही लिहायला आधार राहत नाही. बातमीला ते छान दिसलं असतं.

१९ मार्च

मेल्विलचा संग्रह पुढे टॉमलिन या संग्राहकाकडे गेला आणि तिथून कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयात. काही मूळ नमुने लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. दोन्हीकडे पाठवलेल्या विनंत्यांना उत्तरं आली, फोटोंसकट.

जवळचे म्हणून तीन उमेदवार उरले होते. एकाचे आडवे धागे बरगड्यांवरून बिनदिक्कत पलीकडे जातात: बाद. दुसऱ्याच्या बरगड्या निम्म्याच आणि जाड: बाद. तिसऱ्याने घाम काढला. आकार तोच, धागे तसेच, दातसुद्धा तिथेच. आणि मूळ नमुन्याचं टोक तुटलेलं.

दिवसभर त्या तुटक्या शंखाचा फोटो मोठा करून बघत बसले. मग मॅडमनी विचारलं, त्या लॉटमध्ये, म्हणजे एकत्र जमवून ठेवलेल्या नमुन्यांत, एकच शंख आहे का? पुन्हा मेल.

२ एप्रिल

लॉटमध्ये आणखी शंख आहेत, एकाचं टोक शाबूत. ते अर्ध्याहून जास्त पहिल्या वेढ्यात बुडालेलं आहे, आमचं उघडं. शिवाय त्याच्या बरगड्या तळापर्यंत उतरतात. ही तिसरी जात वेगळी.

आज पहिल्यांदा कॅटलॉगमध्ये 'नवीन' लिहिलं. पेन्सिलने.

१७ एप्रिल

मापं, मापं, मापं. लहान शंखांवर बरगड्या कमी, मोठ्यांवर जास्त. म्हणून 'अठरा बरगड्या' असं एकटं लिहून उपयोग नाही, कितव्या वेढ्यावर ते सांगायला हवं. झिजलेल्या शंखांवर धागे दिसत नाहीत. दोन नमुन्यांना खाण्याचा हिरवा रंग पाण्यात कालवून लावला, रंग खाचांत उतरला आणि धागे उमटले.

२७ मे

पाऊस काल मुंबईत येऊन ठेपला, गेल्या पंचाहत्तर वर्षांत इतका लवकर कधीच नाही. प्रयोगशाळेतल्या जिलेटिनच्या कॅप्सूल दमट हवेने मऊ पडायला लागल्या. सगळे नमुने घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यांत, सिलिका जेलसोबत हलवले.

विभागातल्या जुन्या लाकडी कपाटात मी काहीच ठेवत नाही. लाकडातून आणि पुठ्ठ्यातून आम्लाच्या वाफा सुटतात, दमट हवेत त्या शंखाचा चुना खातात आणि वर पांढरी भुकटी धरते. बाइन नावाच्या संग्राहकाने १८९९ मध्ये यावर लिहिलं, म्हणून हा बाइनचा रोग. त्याला ते जंतूंचं काम वाटलं होतं, पुढे कळलं की सगळा मामला रसायनांचा. हाताएवढ्या शंखावर भुकटी धरली तर तो विद्रूप होतो, दोन मिमीचा शंख शिल्लकच राहत नाही.

१८ जून

हस्तलिखित. सगळ्यात अवघड परिच्छेद सगळ्यात छोटा आहे: ही जात इतर सगळ्यांपासून कशी ओळखावी, ते चार ओळींत. मेल्विलच्या चार ओळींवर जानेवारीत इतकी चिडले होते, आता माझ्याही चारच होताहेत. फरक एवढाच की टोकाला त्यांतली दीड ओळ दिली आहे.

कागदोपत्री बाजू. आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेप्रमाणे २००० पासून नव्या जातीसाठी नाव ज्याला बांधायचं तो नमुना (आमच्याकडे होलोटाइप) स्पष्ट नेमावा लागतो आणि तो कुठल्या संग्रहात ठेवणार हेही सांगावं लागतं. २०१२ पासून फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकातही नाव ग्राह्य धरतात, पण आधी झूबँकवर, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणी हवी. आपल्याकडे २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ नुसार नव्या जातीची माहिती ठरवून दिलेल्या राष्ट्रीय भांडारांना कळवून नमुना तिथे जमा करणं बंधनकारक आहे. होलोटाइप आणि काही पॅराटाइप (वर्णनात वापरलेले सोबतचे नमुने) भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाकडे जातील, बाकीचे आमच्याकडे.

नाव ठरलंय, पण या वहीत लिहीत नाही. वर्णनाशिवाय आधीच कुठे फुटलं तर त्या नावाला किंमत नाही, नुसता घोळ. नावाचं व्याकरणातलं लिंग एकदा तपासायचं: विशेषण असेल तर ते प्रजातीच्या लिंगाप्रमाणे चालतं, आणि उद्या कुणी प्रजाती बदलली तर शेवटचं अक्षरही बदलू शकतं.

९ जुलै

पाठवलं.

२१ ऑगस्ट

दोन परीक्षकांची मतं आली. पहिल्याला लेख पटलाय, प्रजातीबद्दल मात्र साशंक. त्याचे मुद्दे मला जानेवारीत पडलेलेच आहेत. मॅडम उत्तर लिहिताहेत, मी गप्प.

दुसऱ्याने विचारलंय की कालवांवर जगतो हे कशावरून? कशावरूनही नाही, आणि आम्ही तसं म्हटलेलंही नाही. 'कालवांच्या झुबक्यांत मिळाला' एवढंच वाक्य आहे. तरी वाचणाऱ्याला तसं वाटत असेल तर वाक्य बदलायला हवं: 'यजमान अज्ञात' हे शब्द घातले.

त्याची दुसरी मागणी रास्त आहे. झाकणवाला ताजा शंख आणि गाळातले रिकामे शंख एकाच तक्त्यात नकोत, मापं वेगळी द्या, म्हणजे दोन्ही एकाच जातीचे आहेत हे वाचणाऱ्याला स्वतः तपासता येईल. तक्ता दोन भागांत केला. ताज्या शंखाच्या ओळीत बरगड्या सतरा, टोक २६५ मायक्रॉन, दोन्ही आकडे रिकाम्या शंखांच्या कमाल-किमान मर्यादेत बसतात. सुधारित प्रत सोमवारी जाईल.